उच्चार आणि आघात : द्वेषमूलक गुन्ह्यांचे कायदे व ख्रिस्ती धर्मस्वातंत्र्य – एक चिकित्सा

प्रस्तावना

राज्यसंस्थेने मनुष्याच्या कृतीला शासन करावे, त्याच्या मनाला नव्हे, हे आधुनिक दंडनीतीचे एक पायाभूत तत्त्व मानले जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य लोकशाही राष्ट्रांमध्ये द्वेषमूलक गुन्ह्यांविषयी जे कायदे झाले, त्यांनी या तत्त्वाची नव्याने परीक्षा घेतली. एखाद्या व्यक्तीवर ती विशिष्ट वंशाची, धर्माची, लिंगाची वा लैंगिक कलाची आहे म्हणून हल्ला झाला, तर त्या हल्ल्यास सर्वसाधारण हल्ल्यापेक्षा अधिक कठोर शिक्षा असावी, ही या कायद्यांमागील मूळ भूमिका होय. वंश आणि धर्म या दोन कसोट्यांवर ख्रिस्ती संघटनांनी सहसा आक्षेप घेतला नाही. परंतु लैंगिक कलाचा अंतर्भाव होताच अनेक चर्चेस आणि ख्रिस्ती विधिसंस्था यांनी या कायद्यांना विरोध केला. बायबलच्या आधारे समलिंगी संबंधांना पाप म्हणणारा धर्मोपदेशक उद्या गुन्हेगार ठरेल, ही त्यांची भीती होती.

ही भीती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही आणि ती सर्वस्वी साधार होती असेही म्हणता येत नाही. ती कोठे लागू पडते आणि कोठे पडत नाही, याची छाननी अमेरिका, स्वीडन, फिनलंड व ब्रिटन येथील काही कायदे आणि न्यायनिर्णय यांच्या आधारे करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखाच्या अखेरीस भारतीय कायद्यातील एका विसंगतीकडेही लक्ष वेधले आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : कायद्याची सीमारेषा उच्चार आणि आघात यांच्यामध्ये आखली गेली पाहिजे. बोलणारा कोणत्या धर्माचा आहे, किंवा ज्याच्यावर आघात झाला तो कोणत्या धर्माचा आहे, यावर ती अवलंबून असता कामा नये.

दोन भिन्न संकल्पनांची गल्लत

या विषयावरील वादात द्वेषमूलक गुन्हा आणि द्वेषमूलक वक्तव्य या दोन संकल्पना वारंवार एकमेकींत मिसळल्या जातात. द्वेषमूलक गुन्ह्यात मूळ कृती आधीच गुन्हा असते. मारहाण, जाळपोळ, खून या गोष्टी कोणत्याही कायद्याने दंडनीयच आहेत. द्वेषाचा हेतू सिद्ध झाल्यास केवळ शिक्षेचे प्रमाण वाढते, किंवा खटल्याचे अधिकारक्षेत्र बदलते. द्वेषमूलक वक्तव्याच्या कायद्यात मात्र वक्तव्य हाच गुन्हा असतो. पहिल्या प्रकारात शब्द हा पुरावा असतो, तर दुसऱ्या प्रकारात शब्द हाच आरोपाचा विषय असतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लागोपाठच्या दोन वर्षांत दिलेले दोन निर्णय हा भेद स्पष्ट करतात. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या अंगणात क्रूस जाळण्यात आला होता. या प्रकरणी शहराच्या ज्या नियमाखाली खटला भरण्यात आला, तो नियमच न्यायालयाने १९९२ मध्ये घटनाबाह्य ठरविला. त्या नियमाने काही विशिष्ट विषयांवरील अभिव्यक्तीच तेवढी निवडून दंडनीय केली होती, हे त्याचे कारण होते. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, 'विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल' या खटल्यात त्याच न्यायालयाने हेतूवर आधारित वाढीव शिक्षा एकमताने वैध ठरविली. या खटल्यातील आरोपी कृष्णवर्णीय होता आणि मारहाण झालेला मुलगा श्वेतवर्णीय होता, ही बाब येथे लक्षणीय आहे. ज्यांच्या रक्षणासाठी असा कायदा झाला असे सामान्यतः समजले जाते, त्या समाजातील व्यक्तीलाही तो तितक्याच कठोरपणे लागू झाला. कायद्याने विशिष्ट गटाला कवच न देता विशिष्ट प्रकारच्या हेतूला दंड केला, हा या निर्णयाचा मथितार्थ होय.

'सगळेच गुन्हे द्वेषातून होतात, मग वेगळा कायदा कशाला?' असा प्रश्न ख्रिस्ती टीकाकार अनेकदा उपस्थित करतात. परंतु दंडविधानाने हेतूचा विचार यापूर्वी कधीच केला नव्हता, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. शिक्षा ठरविताना गुन्ह्यामागील प्रेरणा पाहण्याची न्यायालयांची पद्धत जुनी आहे. लोभाने केलेला खून आणि क्षणिक उद्रेकात घडलेला खून यांना कोणत्याही देशातील न्यायाधीश एकाच मापाने मोजत नाही. शिवाय द्वेषमूलक हल्ल्याचा परिणाम एका व्यक्तीपुरता मर्यादित राहत नाही. एका व्यक्तीला मारून तिच्या संपूर्ण समूहाला दहशतीचा संदेश दिला जातो. म्हणून समतेच्या आधारे घेतलेला हा आक्षेप तात्त्विकदृष्ट्या टिकत नाही.

अमेरिकेतील २००९ चा अधिनियम

अमेरिकेत १९९८ मध्ये घडलेल्या दोन हत्यांनी या प्रश्नाला राष्ट्रीय परिमाण दिले. जून महिन्यात टेक्सासमधील जॅस्पर येथे जेम्स बर्ड या कृष्णवर्णीय गृहस्थास वाहनामागे बांधून फरफटत नेऊन ठार करण्यात आले. ऑक्टोबरमध्ये वायोमिंगमधील लॅरमी येथे मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्यास अमानुष मारहाण झाली व काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. या दोघांच्या नावाने झालेल्या अधिनियमावर राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २८ ऑक्टोबर २००९ रोजी स्वाक्षरी केली. १९६८ च्या संघीय कायद्यात वंश, वर्ण, धर्म व राष्ट्रीय मूळ यांचा समावेश होता; नव्या अधिनियमाने त्यात लिंग, लैंगिक कल, लिंगभाव आणि अपंगत्व यांची भर घातली.

ख्रिस्ती संघटनांचा आक्षेप समजून घेण्यासाठी या अधिनियमाच्या भाषेकडे पाहणे आवश्यक आहे. गुन्हा सिद्ध होण्यासाठी आरोपीने जाणूनबुजून शारीरिक इजा केलेली असली पाहिजे, अथवा आग, बंदूक, स्फोटक वा अन्य घातक शस्त्राने तसा प्रयत्न केलेला असला पाहिजे. केवळ शब्दाने हा गुन्हा घडू शकत नाही. त्याशिवाय अर्थबोधाविषयीच्या स्वतंत्र कलमात भाषणस्वातंत्र्य व धर्माचरण यांना बाधा आणण्यासाठी या अधिनियमाचा अर्थ लावला जाऊ नये, असे स्पष्ट केले आहे.

तरीही मिशिगनमधील काही पास्टरांनी २०१० मध्ये या अधिनियमास न्यायालयात आव्हान दिले. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता वाटतो तितका दुबळा नव्हता. अमेरिकेच्या संघीय दंडसंहितेनुसार गुन्ह्यास साहाय्य करणारा, सल्ला देणारा वा प्रवृत्त करणारा मुख्य आरोपीइतकाच दोषी ठरतो. मग प्रवचन ऐकून बाहेर पडलेल्या एखाद्या श्रोत्याने हिंसाचार केला, तर त्या प्रवचनालाच चिथावणी मानले जाणार नाही कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता. सहाव्या विभागीय अपील न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांचा दावा फेटाळला. आपण नेमके काय बोलू इच्छितो आणि त्यामुळे आपल्यावर खटला कसा होऊ शकेल, हे वादींना दाखविता आले नाही. कोणास इजा करण्याचा वा करविण्याचा त्यांचा इरादाही नाही. म्हणून दावा दाखल करण्याचा अधिकारच त्यांना पोहोचत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निर्णयाची परिणती योग्य असली, तरी त्याची एक मर्यादा आहे. न्यायालयाने दाव्याच्या पात्रतेवरच प्रश्न निकाली काढल्यामुळे धर्मोपदेश आणि चिथावणी यांच्या सीमेविषयी त्याला सविस्तर विवेचन करावे लागले नाही. अमेरिकेत ही सीमा १९६९ पासून बऱ्याच अंशी निश्चित झालेली आहे. तात्काळ बेकायदा कृत्य घडविण्याच्या उद्देशाने केलेले आणि तसे कृत्य घडण्याची दाट शक्यता असलेले आवाहन एवढेच चिथावणी म्हणून दंडनीय ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 'ब्रँडेनबर्ग' खटल्यात ठरविले आहे. पाप, पश्चात्ताप आणि अंतिम न्याय यांविषयीचे प्रवचन या व्याख्येत बसत नाही. एवढे विधान निकालपत्रात ठळकपणे आले असते, तर वादींच्या भीतीला तिच्या गुणदोषांवर उत्तर मिळाले असते. 'तुम्हाला भीती बाळगण्याचे कारण नाही' आणि 'तुम्ही दावा लावण्यास पात्र नाही' ही दोन विधाने निष्कर्षाने एक असली, तरी श्रद्धावंताच्या मनावर त्यांचा परिणाम एकसारखा होत नाही.

चर्च : आरोपी आणि आघातग्रस्त

या वादात चर्चचे चित्र प्रायः संभाव्य आरोपी म्हणूनच रंगविले गेले. चर्च हेच द्वेषाचे लक्ष्यही असते, ही बाजू दुर्लक्षित राहिली. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांची चर्चेस जाळण्याच्या अनेक घटनांनंतर अमेरिकी काँग्रेसने १९९६ मध्ये चर्चच्या जाळपोळीस प्रतिबंध करणारा कायदा केला होता. १७ जून २०१५ रोजी साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे इमॅन्युएल आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासवर्गाला बसलेल्या नऊ जणांची गोळ्या घालून हत्या झाली. हल्लेखोर श्वेतवर्चस्ववादी होता आणि अभ्यासवर्गातील लोकांनी त्याला आपल्यात बसवून घेतले होते. त्या राज्यात तेव्हा द्वेषमूलक गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदा नव्हता. संघीय न्यायालयात त्याच्यावर ३३ आरोप ठेवण्यात आले. त्यांत २००९ च्या अधिनियमाखालील आरोप होते, तसेच धर्माचरणाच्या स्वातंत्र्यात बळाने अडथळा आणल्याचेही आरोप होते. डिसेंबर २०१६ मध्ये तो सर्व आरोपांत दोषी ठरला. ज्या अधिनियमाकडे काही ख्रिस्ती संघटना धर्मस्वातंत्र्यावरील आक्रमण म्हणून पाहत होत्या, तोच येथे प्रार्थनास्थळात मारल्या गेलेल्या ख्रिस्ती उपासकांच्या बाजूने उभा राहिला.

ओहायो राज्यातील आमिश पंथीयांचा खटला याहून गुंतागुंतीचा आहे. २०११ मध्ये बर्गहोल्झ येथील एका आमिश वसाहतीतील लोकांनी आपल्याच पंथातील विरोधकांच्या घरी रात्री शिरून पुरुषांच्या दाढ्या व स्त्रियांचे केस बळाने कापले. आमिश समाजात विवाहित पुरुषाची दाढी आणि स्त्रीचे न कापलेले केस हे श्रद्धेचे चिन्ह मानले जाते. त्यामुळे ही कृती शरीराइतकीच श्रद्धेवरही आघात करणारी होती. २०१२ मध्ये सोळा जणांना दोषी ठरविण्यात आले. हा पंथांतर्गत शिस्तीचा प्रश्न आहे, राज्याने त्यात पडू नये, असा बचावाचा सूर होता. मात्र २०१४ मध्ये अपील न्यायालयाने द्वेषमूलक गुन्ह्याबाबतची दोषसिद्धी रद्द केली, ती या सुरामुळे नव्हे. धर्म हा हल्ल्याचे 'महत्त्वाचे कारण' असल्यास पुरे, असे ज्यूरीला सांगण्यात आले होते. वस्तुतः 'धर्म हे कारण नसते तर हल्ला झालाच नसता' इतका निकट कारणसंबंध सिद्ध होणे आवश्यक होते, असे न्यायालयाने म्हटले. कौटुंबिक कलह, अधिकाराचा संघर्ष आणि धार्मिक मतभेद हे सारे या हल्ल्यांत एकमेकांत गुंतलेले होते.

या निर्णयावर पीडितांच्या बाजूने टीका करता येते आणि ती रास्तही आहे. मनुष्याचे हेतू क्वचितच एकपदरी असतात; इतका कडक निकष लावल्यास मिश्र हेतूंचे अनेक हल्ले निसटतील. तथापि धर्मस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निकष संरक्षक ठरतो. आरोपी कोणत्या श्रद्धा बाळगतो हे पुरेसे नाही. त्या विशिष्ट आघाताचे निर्णायक कारण काय होते, हे सिद्ध झाले पाहिजे. श्रद्धेचा अभियोग आणि कृतीचा अभियोग यांतील अंतर अशा काटेकोर कारणसंबंधानेच राखले जाते.

स्वीडन व फिनलंड : प्रवचन, पत्रक आणि प्रक्रिया

उच्चार हाच जेथे गुन्हा असतो, तेथे मात्र ख्रिस्ती आक्षेपाला वेगळे वजन प्राप्त होते. स्वीडनच्या दंडसंहितेतील जनसमूहाविरुद्ध द्वेष पसरविण्याच्या कलमात १ जानेवारी २००३ पासून लैंगिक कलाचा समावेश झाला. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ओलंड बेटावरील बोर्गहोल्म येथे पेन्टेकोस्टल पास्टर ओके ग्रीन यांनी समलिंगी संबंधांवर प्रवचन केले व त्यात या संबंधांना समाजशरीरातील कर्करोगाची उपमा दिली. २००४ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांना एक महिना कारावासाची शिक्षा सुनावली. फेब्रुवारी २००५ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले आणि २९ नोव्हेंबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयातील तर्कपद्धती चिकित्सेस पात्र आहे. ग्रीन यांची विधाने केवळ बायबलमधील वचनांची पुनरुक्ती नव्हती आणि स्वीडिश कलमाच्या शब्दांत ती बसत होती, हे न्यायालयाने अमान्य केले नाही. तथापि युरोपीय मानवी हक्क कराराच्या नवव्या व दहाव्या अनुच्छेदांचा विचार करता ही दोषसिद्धी करारभंग ठरण्याचा संभव आहे, म्हणून आरोपीला दोषमुक्त करणे प्राप्त आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हणजे पास्टरना जे संरक्षण मिळाले, ते ज्या कायद्याखाली खटला झाला त्याच्या शब्दांतून मिळाले नाही. ते एका आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारे बाहेरून आले. ज्या कायद्याच्या शब्दांनुसार मनुष्य दोषी ठरतो आणि तरीही शिक्षेस पात्र ठरत नाही, तो कायदा नागरिकाला आपल्या वर्तनाची सीमा आधी सांगू शकत नाही. व्यासपीठावर उभ्या असलेल्या धर्मोपदेशकाला आपण कायद्याच्या कोणत्या बाजूला आहोत हे त्याच क्षणी कळले पाहिजे. अडीच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयातून कळून ते पुरेसे होत नाही.

त्याच देशातील दुसरे प्रकरण याच्या शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. डिसेंबर २००४ मध्ये काही तरुणांनी एका उच्च माध्यमिक शाळेत शिरून विद्यार्थ्यांच्या कपाटांत समलिंगी व्यक्तींची निंदा करणारी पत्रके टाकली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले आणि ९ फेब्रुवारी २०१२ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 'वेयडेलांड विरुद्ध स्वीडन' या निर्णयात ही दोषसिद्धी करारास धरून असल्याचे सांगितले. पत्रके कोवळ्या वयाच्या मुलांच्या हाती पडली, ती नाकारण्याची संधी त्यांना नव्हती आणि शाळेत शिरण्याचा या तरुणांना अधिकार नव्हता, या बाबी तेथे विचारात घेतल्या गेल्या. प्रवचनाला येणारा श्रोता स्वेच्छेने येतो आणि उठून जाऊ शकतो. कपाटातील पत्रकाला विद्यार्थी तसे टाळू शकत नाही. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता उच्चाराचे स्थळ, पद्धत आणि श्रोत्याचे स्वातंत्र्य यांना निर्णायक महत्त्व दिलेले दिसते. ही दिशा योग्य आहे. परंतु ती न्यायालयांनी प्रकरणागणिक शोधली. विधिमंडळाने ती कायद्यात नमूद केलेली नव्हती.

या अनिश्चिततेची किंमत फिनलंडमधील खटल्यात दिसून येते. माजी गृहमंत्री व ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाच्या खासदार पायवी रॅसानेन यांनी २०१९ मध्ये आपल्या चर्चने समलिंगी समुदायाच्या 'प्राइड' उपक्रमास दिलेल्या पाठिंब्यावर प्रश्न उपस्थित करणारा संदेश बायबलमधील वचनाच्या छायाचित्रासह समाजमाध्यमावर प्रसृत केला. त्यावरून, तसेच २००४ मधील एका पुस्तिकेवरून त्यांच्यावर खटला झाला. मार्च २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. तरीही सरकारी पक्षाने प्रकरण पुढे नेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याची सुनावणी झाली. निकालाच्या गुणदोषांइतकीच येथे प्रक्रियेची लांबीही महत्त्वाची आहे. एका संदेशासाठी सहा वर्षांहून अधिक काळ न्यायालयाची पायरी चढणे माजी मंत्र्यास परवडू शकते. खेड्यातील पास्टरला ते परवडत नाही. तो गप्प बसण्याचा मार्ग पत्करतो. अशा मौनाची नोंद कोणत्याही निकालपत्रात होत नाही.

ब्रिटन : कायद्याच्या शब्दांत सीमा

ब्रिटनमधील अनुभव या दृष्टीने दुहेरी बोध देणारा आहे. २००१ मध्ये बोर्नमथ येथे एक वृद्ध धर्मोपदेशक समलिंगी संबंध थांबवा असे लिहिलेला फलक घेऊन भररस्त्यात उभे राहिले. संतप्त जमावातील काहींनी त्यांच्यावर माती फेकली, पाणी ओतले, त्यांना ढकलून पाडले. अटक मात्र त्यांनाच झाली. सार्वजनिक सुव्यवस्थेच्या १९८६ च्या कायद्यातील 'अवमानकारक' या शब्दाच्या आधारे त्यांना २००२ मध्ये ३०० पौंड दंड झाला आणि त्यांच्या मृत्यूनंतर, २००४ मध्ये, उच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली. येथे कायदा द्वेषमूलक गुन्ह्याचा नव्हता, सुव्यवस्थेचा होता. पण उच्चार करणारा दोषी आणि आघात करणारे मोकळे, ही उलटापालट 'अवमान' यासारख्या शिथिल शब्दामुळे शक्य झाली. हा शब्द त्या कलमातून २०१३ च्या कायद्याने वगळण्यात आला आणि ती दुरुस्ती फेब्रुवारी २०१४ पासून अमलात आली.

याउलट धार्मिक द्वेषाविषयीचा २००६ चा कायदा आणि लैंगिक कलाविषयीची २००८ ची तरतूद यांत ब्रिटिश संसदेने अधिक सावधपणा दाखविला. इंग्लंड व वेल्ससाठीच्या या दोन्ही तरतुदींत केवळ अवमानकारक नव्हे, तर धमकीवजा शब्द किंवा वर्तन आवश्यक आहे आणि द्वेष भडकविण्याचा उद्देशही सिद्ध व्हावा लागतो. धर्मांची चर्चा, टीका, उपहास वा त्यांविषयीची नापसंती यांना पहिल्या कायद्यात स्पष्ट संरक्षण आहे. लैंगिक आचरणाची चर्चा वा टीका करणे, किंवा त्यापासून परावृत्त होण्याचे आवाहन करणे, एवढ्यानेच ते वर्तन धमकीवजा मानले जाणार नाही, असा खुलासा दुसऱ्या तरतुदीत उमरावांच्या सभागृहाच्या आग्रहाने समाविष्ट झाला.

या खुलाशाचे वैशिष्ट्य असे की, त्यात 'ख्रिस्ती' किंवा 'धर्मोपदेशक' असा उल्लेख नाही. बायबलच्या आधारे बोलणारा पास्टर, अन्य धर्मग्रंथाच्या आधारे बोलणारा उपदेशक आणि कोणताही धर्म न मानणारा नागरिक या सर्वांना तो सारखाच उपलब्ध आहे. त्याचप्रमाणे पहिल्या कायद्यातील संरक्षण ख्रिस्ती धर्माची टिंगल करणाऱ्या नास्तिकालाही मिळते. हा समतोल मोलाचा आहे. केवळ श्रद्धावंतांसाठी सूट मागणाऱ्या ख्रिस्ती भूमिकेतील दुर्बलता त्यामुळे उघड होते. श्रद्धेतून आलेले कठोर विधान वैध आणि अश्रद्ध मनुष्याचे तेच विधान अवैध, अशी व्यवस्था राज्याला श्रद्धेची पारख करावयास लावते. आणि जे राज्य कोणाची श्रद्धा खरी हे ठरवू लागते, त्यापासून धर्मस्वातंत्र्यालाच प्रथम धोका असतो.

भारतीय संदर्भातील एक विसंगती

भारतीय वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे कलम २९५-अ भारतीय दंडसंहितेत १९२७ मध्ये आले आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून अस्तित्वात आहे. 'जाणीवपूर्वक आणि द्वेषबुद्धीने' केलेला अवमानच दंडनीय आहे, या मर्यादेच्या बळावर सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये 'रामजीलाल मोदी' खटल्यात हे कलम वैध ठरविले. म्हणजे येथेही उच्चारच आरोपाचा विषय आहे आणि सीमारेषेचा सारा भार उद्देशाच्या सिद्धतेवर आहे.

हेतूवर आधारित वाढीव शिक्षेच्या तत्त्वाशी सर्वांत जवळचा भारतीय कायदा म्हणजे अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९. गंभीर गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची वा जमातीची आहे 'या कारणावरून' घडला, हे त्यात सिद्ध करावे लागे. हा कारणसंबंध सिद्ध करणे किती दुष्कर होते, हे महाराष्ट्राने खैरलांजी प्रकरणात अनुभवले. २००६ मधील त्या हत्याकांडात भंडारा येथील न्यायालयाने २००८ मध्ये खुनासाठी कठोर शिक्षा दिल्या, परंतु जातिद्वेषाचा हेतू मानला नाही आणि अत्याचार प्रतिबंध अधिनियम लागू केला नाही. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने 'या कारणावरून' ऐवजी पीडिताच्या जातीची 'जाणीव असताना' अशी शब्दरचना करण्यात आली. आमिश खटल्यात उभा राहिलेला मिश्र हेतूंचा प्रश्न भारतीय विधिमंडळाने अशा प्रकारे नेमक्या विरुद्ध दिशेने सोडविला.

परंतु ख्रिस्ती धर्मस्वातंत्र्याच्या दृष्टीने या अधिनियमातील खरी अडचण वेगळीच आहे. अनुसूचित जातींची व्याख्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशावर आधारलेली आहे. तो आदेश प्रारंभी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम झालेले दलित मात्र त्याबाहेरच राहिले. परिणामी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या दलितावर जातीच्या नावाने हल्ला झाला, तरी हा अधिनियम त्याला उपलब्ध होत नाही. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पास्टरच्या तक्रारीबाबत हीच भूमिका घेतली. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्या स्वातंत्र्याचा उपयोग करताच अत्याचारापासूनचे कायदेशीर कवच गळून पडते. धर्मांतराने जात नष्ट होते, हे गृहीतक या व्यवस्थेमागे आहे. हल्लेखोर मात्र बाप्तिस्म्याचा दाखला पाहून हात आवरत नाही. आरक्षणासारख्या लाभांच्या वाटपाविषयी येथे वेगळा युक्तिवाद संभवतो. आघातापासूनचे संरक्षण हा लाभ नव्हे. म्हणून या दोन प्रश्नांना एकाच व्याख्येने बांधणे समर्थनीय वाटत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. शारीरिक आघातावर आधारलेल्या द्वेषमूलक गुन्ह्यांच्या कायद्यांविरुद्धचा ख्रिस्ती आक्षेप टिकण्यासारखा नाही. असे कायदे प्रवचनाला स्पर्श करीत नाहीत आणि चार्ल्सटनसारख्या प्रसंगी ते उपासकांच्याच उपयोगी पडतात. उच्चार हाच गुन्हा मानणाऱ्या कायद्यांबाबत मात्र हाच आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. विशेषतः 'अवमान', 'तुच्छता' अशा शिथिल शब्दांवर ते उभे असतील तेव्हा. संरक्षण न्यायाधीशाच्या विवेकावर वा दूरच्या करारावर न सोपविता ते कायद्याच्या शब्दांतच असावे, म्हणजे प्रदीर्घ प्रक्रिया ही शिक्षा होऊन बसणार नाही.

ख्रिस्ती विचारवंतांसमोरही यातून एक आव्हान उभे राहते. स्वतःपुरती सूट मागण्याऐवजी सर्वांच्या उच्चारासाठी समान सीमा मागण्याची तयारी त्यांनी ठेवावी लागेल. आपल्या श्रद्धेची टिंगल सहन करावी लागली तरीही. त्याचप्रमाणे ज्यांच्या आचरणाला ते पाप म्हणतात, त्या समलिंगी व्यक्तीच्या शरीरावरील आघाताचा निषेध करण्यात त्यांनी मागे राहता कामा नये. तसे झाल्यास 'आमचा विरोध आचरणाला आहे, व्यक्तीला नाही' हे त्यांचे प्रतिपादन विश्वसनीय ठरेल. भारतापुरते बोलावयाचे तर, हल्ला जातीच्या कारणाने झाला असेल, तेव्हा पीडिताने कोणत्या देवाची प्रार्थना केली याची चौकशी कायद्याने करू नये. बोलणाऱ्याचा धर्म पाहून सूट नको आणि आघातग्रस्ताचा धर्म पाहून नकार नको, या दोन मागण्या परस्परांना पूरक आहेत. त्यांपैकी एकच मान्य करणाऱ्या व्यवस्थेत धर्मस्वातंत्र्य अपुरेच राहील.